सॅक्रिंगच्या घंटेचा घोळ

आमच्या धंद्यात इंग्रजी येणं हा दोष समजत. मला हे कळलं ते थेट मुलाखतीत. मिरजेच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, लग्नानंतर मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायला आले होते आणि दोन गाड्या बदलून मोठ्या उमेदीनं गिंडीला पोचले होते. समोर बसलेल्या रावसाहेबांनी माझं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बी.ए. इंग्लिश! अय्यो. मग टायपिंगला नाही चालायचं. तुम्ही तपासायला बसा."

रावसाहेब तंजावरकडचे. त्यांच्या घरात कित्येक पिढ्यांपासून मराठीच बोलतात, पण ती मराठी आपण केव्हाच मागे टाकलेल्या काळातली, आणि वर तमिळचा हेल. "मज ठाऊक नाही" म्हणायचे, "कोठें जाता?" विचारायचे आणि वाक्याच्या शेवटी "सरी?", म्हणजे "बरोबर ना?", असं विचारून खात्री करून घ्यायचे. मला सुरुवातीला त्यांच्यासमोर हसू आवरायचं नाही. त्यांना माझी मराठी ऐकून काय वाटायचं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आमचं ऑफिस गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपच्या माडीवर होतं. खाली लेथ मशीनं चालायची आणि वर आम्ही परदेशातली जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायचो. पद्धत साधी होती. छापील पानाचा फोटो काढून आमच्याकडे पाठवत. तेच पान दोन वेगवेगळ्या मुली टाइप करत. एकीनं काय केलं ते दुसरीला दिसत नसे. मग मशीन दोन्ही मजकूर शेजारी ठेवून बघे आणि जिथे फरक पडेल तिथे पिवळा रंग भरे. त्या पिवळ्या जागी कोण बरोबर हे ठरवायचं काम माझं. जी हरे तिच्या नावावर चूक पडे, आणि महिनाअखेरीला चुकांची यादी वरच्या साहेबांकडे जाई.

मुलींना इंग्रजी येत नसेल तर उत्तम, कारण मग त्या दिसेल तेच अक्षर दाबतात. इंग्रजी येणारी मुलगी वाचायला लागते आणि वाचायला लागली की सुधारायला लागते. तिथेच घात होतो. अर्थात अक्षरओळख पक्की असली तरी फसगत होतेच. एकदा एका पानावर डास चिरडलेला होता. दोघींनीही त्याचा स्वल्पविराम केला. दोघींचं एकमत, त्यामुळे मशीन गप्प आणि मीही गप्प; मला तो दिसला तोवर पुस्तक गेलं होतं. तो डास आज जगातल्या कुठल्या तरी ग्रंथालयात स्वल्पविराम होऊन बसला असेल. एक गिऱ्हाईक असं होतं की ते फक्त पूर्णविरामानंतरच्या मोकळ्या जागेबद्दल पत्रं लिहायचं. मजकुराबद्दल सहा महिन्यांत अवाक्षर नाही. अशी माणसं बरी. त्यांना काय हवं ते कळतं तरी.

निवृत्तीच्या आठेक वर्षं आधी आमच्याकडे एक पुस्तक आलं आणि त्यानं माझी झोपच बिघडवली. विषय असा: पूजाविधी, अभिषेक, एखादी वस्तू किंवा जागा पवित्र करणं, यासाठी इंग्रजीत एके काळी असलेले आणि आता मेलेले शब्द, आणि त्यांचा इतिहास. मूळ पुस्तक फार जुनं. इंग्लंडमधल्या एका निवृत्त प्राध्यापकबाई त्याला टिपा जोडून ते पुन्हा काढत होत्या. या पुस्तकासाठी खास सूचना होती की जुन्या छपाईतल्या उघड चुका दुरुस्त कराव्यात. 'उघड' म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

हे पुस्तक ज्या दोघींकडे होतं त्यांतली एक सेल्वी. ती बी.कॉम. होती आणि इंग्रजी फटाफटा बोलायची; मुली कमी पडल्या म्हणून तिला घेतलं होतं. दुसरी फिलोमिना. तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण तमिळमधून झालेलं. बोटं इतकी स्थिर की तिच्या कीबोर्डचा आवाज खालच्या लेथच्या तालात मिसळून जायचा.

पहिल्याच आठवड्यात एक पिवळी जागा आली. फिलोमिनानं लिहिलं होतं 'सॅक्रिंग बेल' आणि सेल्वीनं 'स्केअरिंग बेल'. इंग्रजीत लिहून बघा, अक्षरं तीच, फक्त ए आणि सी यांची अदलाबदल. पानाचा फोटो डागाळलेला होता. डोळे ताणून बघितलं तर फिलोमिनाचंच बरोबर वाटत होतं. पण 'सॅक्रिंग' असा शब्द मी मिरजेत ऐकला नव्हता, नंतरही ऐकला नव्हता, आणि आमच्या कॉम्प्युटरातल्या शब्दकोशातही तो नव्हता. बाहेरचं इंटरनेट कामाच्या मजल्यावर बंद असे. मी वाक्य वाचलं. ती घंटा वाजली की देवळातले लोक धाडकन गुडघ्यांवर बसत आणि मान खाली घालत, असा त्याचा अर्थ होता. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, भीती दाखवायची घंटा असणार. जुन्या छापखान्यात खिळे उलटे लागले असणार. उघड चूक.

मी सेल्वीच्या बाजूनं निकाल दिला आणि तो 'निर्णय-यादी'त टाकला. या यादीचं वैशिष्ट्य असं की एकदा जोडी तिथे गेली की पुढे तोच फरक आला तर मशीन आपणहून तसाच निकाल लावतं आणि हरणारीच्या नावावर चूक टाकतं. मला पुन्हा विचारत नाही. माझा वेळ वाचावा म्हणून ही सोय होती.

चार-पाच दिवसांनी चहाच्या वेळेला फिलोमिना माझ्या टेबलाशी आली. ती सहसा कुणाच्या टेबलाशी जायची नाही.

"मॅडम, इमेजुल इप्पडिदान इरुक्कु," ती म्हणाली. फोटोत असंच आहे.

"हो गं, पण ती छपाईची चूक आहे," मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं.

"सगळ्या पानांवर?"

हा प्रश्न मी आजवर किती वेळा स्वतःला विचारला असेल. एकच चूक सगळ्या पानांवर कशी असेल? पण त्या वेळी माझ्या हातात चहाचा पेला होता, मागे दुसरं पुस्तक उघडं होतं, आणि मी बी.ए. होते. मी म्हणाले, "जुना छापखाना होता. असं होतं."

ती मान हलवून गेली. तमिळ माणसाची मान हलवण्याची ती तऱ्हा, होकार की नकार, मला इतक्या वर्षांत नीट उमगलेली नाही.

त्यानंतर ती एकदाच आली. पुस्तकात एक चित्राचं पान होतं, त्यावर हातात धरायची एक छोटी घंटा. फिलोमिनानं तिच्यावर बोट ठेवलं.

"ही आमच्या कोविलात आहे, मॅडम. पूसैला वाजते."

मी गोंधळले. कोविल म्हणजे देऊळ, आणि पूसै म्हणजे पूजा. ही तर ख्रिस्ती. "कुठल्या कोविलात?" मी विचारलं.

"मादा कोविल," ती म्हणाली. मादा म्हणजे मेरीमाता. तेव्हा कुठे कळलं की तिच्या घरी चर्चलाही कोविलच म्हणतात आणि तिथल्या उपासनेला पूसै. "फादर अप्पम वर उचलतात, तेव्हा वाजवतात. घाबरवायला नाही वाजवत. सामी येतात म्हणून वाजवतात." अप्पम म्हणजे प्रसादाची भाकरी आणि सामी म्हणजे देव, एवढं मला कळत होतं.

मला तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही असंही नाही; मनात काहीतरी खुट्ट झालं. पण फिलोमिनाला इंग्रजी येत नाही, तिला चित्रावरून काहीतरी वाटलं असेल, अशी मी माझी समजूत घातली. "बघते," म्हणाले. आणि बघायचं राहून गेलं.

मधल्या काळात दुसऱ्याच एका शब्दानं मला छळलं. मरणाच्या दारातल्या माणसाकडे पाद्री येई आणि त्याला काहीतरी करी. जे करी त्याला फिलोमिनानं लिहिलं होतं 'अनील', पुस्तकात होतं त्याच विचित्र स्पेलिंगनं. सेल्वीनं लिहिलं होतं कारखान्यातलं अनीलिंग असतं ते. माझा नवरा सुधीर आवडीच्या कारखान्यात उष्णता-प्रक्रियेच्या विभागात होता. जेवताना मी त्याला विचारलं, "अरे, अनील करणं म्हणजे नक्की काय?"

"पोलाद भट्टीत लाल होईस्तोवर तापवायचं आणि मग भट्टीतच हळूहळू गार होऊ द्यायचं. त्याच्या आतला ताण निघून जातो. का?"

"मरणाऱ्या माणसाला करतात का?"

त्यानं घास तसाच धरला. "माणसाचं ठाऊक नाही. पोलादाला बरं वाटतं."

खरं सांगते, मला ते पटलंही होतं. माणसाच्या आतला ताण निघून जावा म्हणून शेवटी काहीतरी विधी करत असतील, त्यात गैर काय? सेल्वीच्या बाजूनं निकाल द्यायला माझा हात उचललाही होता. पण का कोण जाणे, या खेपेला मी शंका लिहून प्राध्यापकबाईंना पाठवली. एक टायपिस्ट असं वाचते, दुसरी तसं. आपलं मत कळवावं.

उत्तर यायला आठ-दहा दिवस गेले. तेवढ्यात महिनाअखेर आली. एका सोमवारी मी ऑफिसात पोचले तर फिलोमिनाची खुर्ची रिकामी. मला वाटलं आजारी असेल. मंगळवारी तिथे दुसरी मुलगी बसली होती. सेल्वीला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "चुकांच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं, मॅडम. शुक्रवारीच सांगितलं साहेबांनी, सोमवारपासून येऊ नको."

त्याच दिवशी दुपारी प्राध्यापकबाईंचं उत्तर आलं. छोटा प्रश्न विचारला की लांब पत्र लिहिणाऱ्यांपैकी त्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं की पहिल्या टायपिस्टचं बरोबर आहे. 'एले' म्हणजे फार जुन्या इंग्रजीत तेल. मरणाऱ्याला मंत्रून ठेवलेलं तेल लावत, ते 'अनील' करणं. भट्टीशी त्याचा संबंध नाही. पुढे त्यांनी समजावलं होतं की काही शतकांपूर्वी त्यांच्या देशात धर्मात मोठी उलथापालथ झाली, जुने विधी बंद पडले आणि त्या विधींचे शब्द बेकार झाले. 'हौजल' हा प्रसादाच्या भाकरीचा शब्द, त्याआधी तो बळीचा होता. 'हॅलो' करणं, फोनवरचं नव्हे, म्हणजे पवित्र करणं, तो आता एका प्रार्थनेत आणि भुतांच्या एका सणात तेवढा उरला आहे. आपण ज्याला 'ब्लेस' म्हणतो तो शब्दसुद्धा रक्तातून आलेला, वेदीवर रक्त शिंपडायचं त्याचा. तो टिकला, कारण रक्त कुणाला आठवत नाही. आणि मग एक वाक्य होतं: 'यांतला माझा सगळ्यात आवडता शब्द सॅक्रिंग, म्हणजे पवित्र होण्याचा नेमका तो क्षण; त्याच्याच घंटेबद्दल तिसरं प्रकरण आहे, ते तुमच्याकडे आलंच असेल.'

शेवटी लिहिलं होतं, पहिल्या टायपिस्टला माझे धन्यवाद सांगा.

मी ते वाक्य तीन-चार वेळा वाचलं. मग निर्णय-यादी उघडली. सॅक्रिंगच्या जोडीसमोर मशीननं पानांचे क्रमांक लिहिले होते आणि ते संपता संपेनात. प्रत्येक पानावर फिलोमिना बरोबर होती. प्रत्येक पानावर मी तिला हरवलं होतं. संपूर्ण प्रकरणभर घाबरवणारी घंटा वाजत होती.

मी रावसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"यादीतली नोंद उलटी करा. मशीन सगळीकडे सुधारील. पुस्तक अजून गेलें नाही. मग झालें कीं. सरी?"

"आणि फिलोमिना?"

"ती गेली कीं, शैलाबाई."

"पण ती माझ्यामुळे गेली."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "मज काय म्हणायचें आहे, ऐका. हें आता वर सांगितलें तर काय होईल? त्या सगळ्या चुका तुमच्या नांवावर येतील. ती परत येईल कीं नाही, मज ठाऊक नाही. तुमचें मात्र वाईट होईल." ते निष्ठुर नव्हते. मला वाचवूच पाहत होते. म्हणूनच माझा जास्त गोंधळ झाला.

मी त्या दिवशी यादी उलटी केली. एक कळ दाबली आणि तिसऱ्या प्रकरणातली भीती नाहीशी झाली. फिलोमिनाच्या चुकाही कॉम्प्युटरात आपोआप पुसल्या गेल्या, पण त्या बघायला कुणी राहिलं नव्हतं. मी घरी गेले. सुधीरलाही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही गप्प राहिले. ते दोन दिवस मी नेमकं कशाची वाट बघत होते? कुणी विचारेल म्हणून? कुणीच विचारणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी एका कागदावर सगळं लिहिलं आणि कर्मचारी विभागातल्या गृहस्थांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं आणि त्यांचाही गोंधळ उडाला. "मॅडम, तुम्ही तक्रार करताय की कबुली देताय?" त्यांनी विचारलं.  त्यांच्याकडे दोन वेगवेगळे फॉर्म होते म्हणे. अखेरीस पंधरा दिवसांनी मला बोलावून त्यांनी माझ्या फाइलला एक ताकीदपत्र जोडलं आणि माझ्यासमोरच फिलोमिनाला फोन लावला. फोन तिच्या आईनं घेतला. फिलोमिना इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागली होती. कारखान्याची बस दाराशी येते, मुलगी खूश आहे, परत यायचं काही कारण नाही, असं आईचं म्हणणं. त्या गृहस्थांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बघा, चांगलंच झालं."

चांगलं झालं का? मला तेव्हा कळलं नाही. प्राध्यापकबाईंचे धन्यवाद मी कुणाला सांगणार होते? मी त्यांना एवढंच कळवलं की ती टायपिस्ट आता आमच्याकडे नाही. त्यांनी उलट लिहिलं, अरेरे, अशी नजर पुन्हा मिळायची नाही. पुस्तक निघालं. त्याची प्रत आम्हाला कधी दिसली नाही. आमच्या धंद्यात ती दिसतच नाही.

मी निवृत्त झाले त्याला आता दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी एका दुपारी फोन वाजला. "मॅडम, फिलोमिना बोलतेय." तिला माझा नंबर सेल्वीकडून मिळाला होता. श्रीपेरुंबुदूरजवळ तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घर बांधलं होतं. रविवारी फादर येऊन घर 'मंदिरिक्क'णार होते, मी यायलाच हवं.

मंदिरिक्कणं. म्हणजे मंतरणंच की! मी फोन ठेवून हसले आणि मग सुधीरला विचारलं. आता बोलवायचं कारण काय? सुधीर म्हणाला, "घर दाखवायला बोलावलंय. लोक बोलावतात." मी जाण्याआधी तमिळमधलं एक वाक्य शेजारच्या मामींकडून नीट घोकून घेतलं. मन्निच्चिडुंग. माफ करा. त्यापुढे काय बोलायचं, तेही जुळवून ठेवलं.

घर छान होतं, निळ्या रंगाचं, दारात रांगोळीचं कोलम काढलेलं. फादर तरुण होते. ते या विधीला 'आसीर', म्हणजे आशीर्वाद, म्हणत होते आणि फिलोमिनाची आई प्रत्येक वेळी 'मंदिरिप्पु'च म्हणत होती. आई तांब्यातल्या पाण्याला 'तीर्थम' म्हणाली, फादर 'पवित्र पाणी' अशा अर्थाचं काहीतरी निराळं म्हणाले. दोघांपैकी कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही. फादर खोलीखोलीतून ते पाणी शिंपडत गेले. माझ्याही कपाळावर थेंब पडले. हात जोडावेत की ओंजळ करावी, मला कळेना. मी आधी जोडले, मग ओंजळ केली, तोवर फादर स्वयंपाकघरात गेले होते. तिथे चुलीवर दूध उतू घालायची तयारी होती, आपल्याकडे वास्तुशांतीला असते तशी.

गर्दी पांगल्यावर फिलोमिनानं मला हाताला धरून सासूसमोर नेलं. ती आता जरा भरली होती, कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख झाली होती, आवाजही मोठा झाला होता.

"याच त्या मॅडम," ती म्हणाली. "इवंगळालदान अंग पोनेन."

यांच्यामुळेच तर मी तिकडे कारखान्यात गेले.

सासूनं माझे दोन्ही हात हातात घेऊन डोळ्यांना लावले. मी फिलोमिनाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण त्या दिवशी सकाळपासून ते सगळ्यांसाठीच होतं. ती आभार मानत होती, की मला आठवण करून देत होती? 'यांच्यामुळेच' हा शब्द तिनं कुठल्या बाजूनं टाकला होता? मी सुधीरकडे पाहिलं. तो पायसम खात होता.

निघताना मी तिला बाजूला घेतलं. आत मिक्सर चालू होता, अंगणात कुणीतरी खुर्च्या एकात एक अडकवत होतं. मी म्हणाले, "फिलोमिना, मन्निच्चिडुंग." पुढचं जुळवलेलं सगळं विसरले. डोळ्यांत पाणी आलं तेवढं.

"अय्यो मॅडम, लवकर निघालात म्हणून काय? परवाइल्लै, परवाइल्लै," ती म्हणाली. काही हरकत नाही. आणि माझ्या हातात पायसमचा डबा देऊन तिनं तो माझ्या बोटांसकट दोन्ही हातांनी घट्ट दाबला, जरा जास्तच वेळ.

बसमध्ये सुधीरनं विचारलं, "बोललीस का?"

"बोलले."

"मग, काय म्हणाली?"

"परवाइल्लै म्हणाली."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि खिडकीशी डोळे मिटून बसला. डबा माझ्या मांडीवर होता. अजून गरम होता.